चुन्यातलं जुनं घर: काय जागेवर ठेवायचं, काय उतरवायचं आणि कोणत्या क्रमानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यात आजेसासऱ्यांनी १९३५ च्या सुमारास बांधलेलं घर. खाली ओटी, माजघर, दोन खोल्या, वर माळा. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं. मागे खूप नंतर जोडलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर आणि मोरी. पावसात ओटीवर पाणी चढतं, दोन खांब तळाशी कुजलेत, भिंतींना लोणा (क्षारांमुळे सुटणारे पोपडे) लागलाय. कंत्राटदार म्हणतो, सगळं पाडू आणि नवं आरसीसी बांधू. पाडायचे पैसे नकोत, मलबा तेवढा माझा. तुम्हाला आणि तुमच्या जाऊबाईंना जुनं सामान वाचवायचंय, आणि सासूबाईंना कोरडं, वावरायला सोपं घर हवंय.

आधी त्या ‘फुकट पाडून देतो’बद्दल बोलतो. ते फुकट नाही. तुम्ही मापं दिलीत म्हणून हिशेब करता येतो. बारा फुटी, आठ इंच बाय सहा इंचाची एक तुळई म्हणजे ४ घनफूट लाकूड. अशा चार, म्हणजे १६. नऊ फुटी, सहा इंच चौरस खांब सव्वादोन घनफुटाचा. असे आठ, म्हणजे १८. माळ्याखालच्या दहा फुटी, चार बाय तीन इंचाच्या वीस कड्या मिळून साडेसोळाच्या पुढे. झालं की ५० घनफूट, आणि यात वासे, फळ्या, चौकटी धरलेल्याच नाहीत. जुनं सागवान आज घनफुटाला काही हजार रुपयांनी विकलं जातं. तेव्हा करारात ‘मलबा’ हा शब्द मोघम राहू देऊ नका. लाकूड, कौलं, दगड, अख्ख्या विटा, फरश्या, दारं-खिडक्या, पितळी आणि लोखंडी सामान मालकाचं. माती, चुन्याचा चुरा आणि स्लॅबचा राडा कंत्राटदारानं न्यायचा, असं लिहून घ्या. आणि उतरवण्याचं काम ठोक रकमेवर न देता रोजंदारीवर द्या. ठोक कामात गडी जितका घाई करेल तितका फायद्यात असतो, आणि तुमचं सामान नेमकं त्या घाईतच फुटतं.

जुन्या घराचं सामान वाचतं की जातं ते नव्यानं बसवताना ठरत नाही. ते ठरतं उतरवण्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणून सगळ्यात अनुभवी सुतार आणि सगळ्यात शांत गवंडी तेव्हा लागतात. लोक नेमकं उलटं करतात: पाडायला बिगारी आणि सजवायला डिझायनर.

त्याहीआधी हे ठरवा की काय उतरवायचंच नाही. जे जागेवरून हललं नाही त्याच्याइतकं शाबूत काही राहत नाही. तुमचं जोतं आणि बहुतेक भिंती जागेवर राहाव्यात असं फोटोंवरून वाटतं. पण फोटोवर निर्णय घेऊ नका. चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला घर दाखवा आणि त्याला हे तीन प्रश्न विचारा: भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) आहेत का, भेगा आरपार आहेत का, आणि पाया कुठे खचलाय का. उत्तरं बरी आली तर पाडापाडीचा विषय मागच्या स्लॅबपुरता उरतो.

आता लोणा, कारण कंत्राटदारानं भिंती पाडायचं मुख्य कारण तेच दिलंय. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार आणतं. पाणी जिथून बाहेर उडतं तिथे क्षारांचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग फोडतात. चुन्याच्या गिलाव्यातून पाणी सहज उडून जातं. तुमच्याकडे कधीतरी ओल दिसली म्हणून खालचे चार फूट सिमेंटचा गिलावा मारला, त्यावर ऑइलपेंट दिला. पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही म्हणून ते आणखी वर चढलं आणि सिमेंटच्या वरच्या कडेला फुटलं. तुमच्या तिसऱ्या फोटोत पोपडे बरोबर त्या रेषेवर आहेत. खाडी जवळ, हवा खारी, भरतीच्या वेळी जमिनीतलं पाणी वर; अशा ठिकाणी सिमेंटनं भिंत बंद करणं म्हणजे ओल आत कोंडणं.

उपाय सोपा आहे, पण धीर लागतो. सिमेंटचा सगळा गिलावा, आणि डागाच्या वर दीड फुटापर्यंतचा जुना गिलावाही, हलक्या हातानं काढा. छिन्नी भिंतीला आडवी धरायची, हातोडा लहान. मग भिंत उघडीच ठेवा, वारं लागू द्या. पांढरे क्षार कोरड्या कुंच्यानं झाडून गोळा करून बाहेर टाका. धुतलेत तर ते पुन्हा आत जातात. भुसभुशीत सांधे इंचभर खरवडून चुन्यानंच भरा. नंतर चुना आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा, पातळ थरात, एक थर आवळल्यावर दुसरा. पहिली एक-दोन वर्षं उरलेले क्षार या गिलाव्यात येतील आणि तो खालच्या भागात खराब होईल. होऊ द्या. त्यानं भिंतीचं दुखणं स्वतःवर घेतलेलं असतं. तेवढा पट्टा काढून पुन्हा करायचा.

चुन्याबद्दल एक गोष्ट गवंड्याला आधी विचारा: चुना किती दिवस विरवलेला आहे? कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरवावा लागतो. नीट न विरलेले खडे गिलाव्यात राहिले तर ते नंतर फुगतात आणि गिलावा फोडतात. विरवताना पाणी उकळतं, शिंतोडे डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे सक्तीचे करा आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. सुरखी विकत आणायची गरज नाही. तुमच्याच फुटक्या विटा आणि फुटकी कौलं कुटून चाळली की सुरखी तयार. ती घातल्यानं चुना ओलीतही धरतो, म्हणून जुन्या लोकांनी पाण्याच्या टाक्या आणि विहिरीसुद्धा अशा चुन्यात बांधल्या.

आणि हाच चुना तुमच्या सगळ्या बेताचा आधार आहे. चुन्यात बसवलेली वीट हातोडीच्या टिचकीनं सुटते, खरवडली की स्वच्छ होते. सिमेंटात बसवलेली वीट सांध्याआधी स्वतः तुटते. मागच्या भिंतीतून ज्या विटा निघतील त्या एकमेकींवर वाजवून बघा; खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द वाजली तर सुरखीच्या ढिगात. थोड्या विटा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर त्या बाहेरच्या भिंतीत वापरू नका.

आता ओटीवर चढणारं पाणी आणि कुजलेले खांब. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत. मला ते एकत्र सोडवायचेत. ठाण्याच्या सगळ्या जुन्या आळ्यांत हे झालंय: रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि घरं होती तिथेच राहिली. एकेकाळी रस्त्यापासून तीन पायऱ्या चढून ओटीवर जायचं, आता एकच उरली. म्हणजे आतली जमीन उचलावीच लागणार, साधारण फूट-सव्वा फूट. कंत्राटदार म्हणतो, जमीन उचलली की खांब गाडले जातील आणि पुन्हा कुजतील, म्हणून सगळंच नवं करू. पण तुमच्या खांबांचा खालचा फूटभर भाग तसाही कापावाच लागणार आहे. तुळई खालून लोखंडी टेकूंवर आणि जॅकवर घ्यायची, खांबाचा कुजका भाग कापायचा, आणि जुन्या तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) जागी त्यापेक्षा तेवढाच जास्त उंच नवा दगडी तळखडा बसवायचा. जमीन त्या दगडाच्या अंगावर चढते, लाकूड जमिनीच्या चार बोटं वर राहतं, तुळईची पातळी एक सूतही हलत नाही. काळ्या दगडाचे तळखडे घडवणारे पाथरवट अजून मिळतात. जुने तळखडे टाकू नका, ते पायरीला किंवा अंगणात बसतील. खांब आणि दगडाच्या मध्ये शिशाचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा घाला, म्हणजे दगडातली ओल लाकडात चढणार नाही.

टेकू देण्याचं काम मात्र इंजिनियरच्या देखरेखीखालीच. एका वेळी एकच खांब. वर माळ्यावर काहीही सामान नको, आणि त्या दिवसांत घरात कुणी झोपायला नको.

जमीन वर आली की दारांची उंची कमी होते. चौकटी कापू नका. चौकट अख्खी काढून भिंतीत वर सरकवा, वरच्या चार-पाच विटांच्या थरांऐवजी नवा दगडी किंवा सागाचा लिंटल (दारावरचा आडवा आधार) टाका. उंबरठा जुनाच राहतो. सासूबाईंचा विचार करता आतल्या दारांना उंबरठे जमिनीच्या पातळीत बसवा. फक्त पुढच्या दाराला उंच ठेवा, पाण्यासाठी.

लाकडाची परीक्षा स्वतः करता येते. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. आवाज भरीव आला तर बरं, पोकळ आला तर तिथे टोच घुसवून बघा. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं नेहमी आधी बघायची, कारण कूज तिथे सुरू होते आणि बाहेरून दिसत नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण बाहेरचं पांढरट लाकूड ती खाते. म्हणून वरून चाळण झालेली कडी आतून पुष्कळदा ठणठणीत निघते; तासून दोन सुतं कमी झाली तरी चालते. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरप्या कापानं जोडायचा आणि बोल्टनं आवळायचा. ताज्या सागाचा तुकडा जोडला तर तो नंतर आकसतो आणि जोड ढिला पडतो.

रंग खरवडण्याआधी एक काम नक्की करा. सांध्यांजवळ छिन्नीनं मारलेल्या रेघा, फुल्या, त्रिकोण दिसतात का बघा. त्या काळचे सुतार घराचा लाकडी सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, कुठला कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) कुठल्या खाचेत जातो याच्या खुणा करायचे, आणि मग उभा करायचे. तुमच्या घराची जुळणी त्या खुणांत लिहिलेली आहे. फोटो काढून ठेवा. नवे नंबर खडूनं टाकू नका, पहिल्या सरीत पुसले जातात. पत्र्याच्या बारक्या चकत्यांवर ठोकून नंबर करा आणि खिळ्यानं लावा, आणि तेच नंबर एका नकाशावर लिहा.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीचा रंग धोक्याचाच समजा. कोरडा सँडर लावायचा नाही, रंग जाळून काढायचा नाही. रंग काढायचं रसायन लावून किंवा ओला करून खरवडा, मास्क घाला, खपल्या पिशवीत बंद करा. नंतर जाड चकचकीत पॉलिश नको. आत अळशीचं तेल पुरे. वासे आणि रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावायची चाल आहे आणि ती चांगली आहे, पण ते तेल कातडी भाजतं, तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

करवतीच्या कारखान्यात लाकूड पाठवणार असाल तर आधी प्रत्येक खिळा काढा. आत राहिलेला एक खिळा पातं तोडतो, म्हणून बरेच कारखानदार जुनं लाकूड घेतच नाहीत. आणि तुळया चिरून टेबलं करायचा मोह आवरा. तुळईचं काम छप्पर पेलणं आहे, आणि ते काम ती अजून कित्येक वर्षं करू शकते. चिरायचंच तर ज्यांची टोकं गेलीत त्या कड्या चिरा. त्यातून खिडक्यांच्या चौकटी निघतील.

उतरवण्याचा क्रम असा ठेवा. पाणी, वीज बंद. मग दारं, खिडक्या आणि त्यांच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे; एका दाराचं सामान एका पिशवीत, त्यावर दाराचा नंबर. गंजलेला स्क्रू ओढू नका, रात्रभर रॉकेलमध्ये भिजू द्या. मग फरश्या, छपराच्या आधी, कारण वरून एक कौल निसटलं तरी खाली नक्षीची फरशी फुटते. मग कौलं, आढ्यापासून खाली, दोन्ही उतारांवरून सारखीच. एकच बाजू रिकामी केली तर छपराचा तोल जातो. मग रिपा, वासे.

ओटीवरच्या त्या लाल-पिवळ्या नक्षीच्या फरश्या दाबून केलेल्या सिमेंटच्या आहेत आणि रंगाचा थर वर फक्त काही मिलिमीटरचा असतो. ॲसिडनं धुतल्या तर तो थर खाल्ला जातो. पॉलिशवाल्यानं मशीन जोरात फिरवली तर नक्षीच उडते. आठ इंची फरशी असेल तर १०० चौरस फुटांत २२५ बसतात. काढताना पाचातली एक तुटते असं धरून चाला, आणि म्हणून ओटीच्या फरश्या पुन्हा ओटीवर पुरतील ही आशा सोडा. मधे जुन्या घाला, कडेला साधा पट्टा घाला. सुरुवात आधीच तुटलेल्या फरशीपासून करायची आणि पातळ छिन्नी खालच्या चुन्यात घालायची, फरशीच्या कडेला नाही. माजघरातली शहाबादी जाड आहे, ती सहज निघेल. ती चुनखडीचाच दगड आहे, तेव्हा तिलाही ॲसिड वर्ज्य. आतल्यापेक्षा मागच्या अंगणात ती जास्त शोभेल.

कौलांच्या मागचा शिक्का बघा. तुमच्या एका फोटोत १८६५ दिसतं आणि तुम्ही विचारलंय की घरापेक्षा कौलं जुनी कशी. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला ते साल १८६५. नंतर कित्येक वर्षं तेच साल शिक्क्यात राहिलं. तेव्हा तुमची कौलं घराच्याच वयाची असू शकतात. महत्त्वाचं वेगळंच आहे: वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच थोडी वेगळी असते आणि ती एकमेकांत नीट बसत नाहीत. शिक्क्याप्रमाणे वेगळे ढीग करा. एका उतारावर एकच जात घाला, तुटीची कौलं मागच्या पडवीवर जाऊ द्या. १०० चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. प्रत्येक कौल बोटानं वाजवून घ्या. साठवताना आडवी रचू नका, कडेवर उभी ठेवा. परत घालताना रिपांखाली फळ्या आणि त्यावर पाणी अडवणारा कागद घाला. मधूनमधून काचेची कौलं टाकलीत तर माजघरात दिवसा दिवा लावावा लागणार नाही.

साठवायला जागा लागेल आणि कोळीवाड्यात ती नसते. बोळात टेम्पो शिरत नाही, सगळं डोक्यावरून न्यावं लागतं, तेव्हा ती मजुरी आधीच धरा. तीन-चार महिन्यांसाठी एखादा गाळा भाड्यानं घेणं फुटक्या सामानापेक्षा स्वस्त पडतं. लाकूड जमिनीपासून वर, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचा.

मागचा स्लॅब वाचवू नका. सळया फुगून काँक्रीट सुटलंय. हा भाग जोडला त्या काळात खाडीची रेती नीट न धुता वापरलेली असायची, तिच्यातलं मीठ सळई खातं, आणि वरून पॅच मारून ते थांबत नाही. ते पाडा, सळया भंगारात द्या, आणि सासूबाईंसाठी तिथेच नवं न्हाणीघर आणि स्वयंपाकघर करा, जुन्या भिंतीपासून सांधा सुटा ठेवून. पाण्याच्या सगळ्या नळ्या या नव्या भागातच राहू देत, चुन्याच्या भिंतीत एकही नको. वीजही भिंती खोदून न नेता बाहेरून पाइपातून न्या. मोरीवरचे सिमेंटचे पत्रे जुने आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असणार असं धरा. फोडू नका, पाणी मारून अख्खे उतरवा, आणि ते पुन्हा कशासाठीही वापरू नका.

परवानगीचं आर्किटेक्टकडून आधी लेखी घ्या. दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांचे नियम वेगळे आहेत. जमीन उचलणं आणि मागचा भाग नव्यानं करणं कशात मोडतं, आणि खाडीजवळ म्हणून सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम) लागतो का, हे काम सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ खाली संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. धोकादायक इमारतींत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब राहत्या घरी दुरुस्त होणारी, सी-३ किरकोळ. नोटीस आली असेल तर वर्गवारी बघा. ‘धोकादायक’ या एका शब्दावर घाबरून पाडायला संमती देऊ नका. आणि सी-१ असेल तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी घर रिकामं करा. सामान नंतरही उतरवता येतं.

काळाचं गणित घट्ट आहे. चुना पावसात वाळत नाही आणि छप्पर पावसात उघडं ठेवता येत नाही. दिवाळीनंतर लगेच उतरवायला घेतलं तर डिसेंबरात टेकू आणि तळखडे, जानेवारी-फेब्रुवारीत लाकूडकाम, मार्चपर्यंत कौलं वर, आणि मग छपराखाली गिलावा, त्याला ओलं गोणपाट लावून सावकाश वाळू देत. मेच्या मध्यापर्यंत कौलं चढतील याची खात्री तुमचा सुतार देत नसेल तर यंदा फक्त पन्हळी दुरुस्त करा, फुटकी कौलं बदला, भिंतींवरचं सिमेंट काढून त्यांना श्वास घेऊ द्या, आणि मुख्य काम पुढच्या दिवाळीनंतर धरा.